किलाउएआ : लाव्हाप्रदेश व तेथील वनस्पती

अमेरिकेच्या हवाई राज्यातील हवाई बेटावरचा जागृत ज्वालामुखी. त्याचा माथा शेजारच्या मौना लोआसह (४,१६९ मी.) हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. हे उद्यान १९१६ साली स्थापन झाले आणि १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. किलाउएआ उंचीला जेमतेम १,२५० मी., पण खोडकरपणात थोरल्याच्या पुढे. पूर्वेच्या भ्रंशपट्ट्यात १९८३ च्या जानेवारीत सुरू झालेला त्याचा उद्रेक थोडेफार खंड वगळता २०१८ पर्यंत चालला. त्या वर्षी खालच्या पुना भागातील ७०० हून अधिक घरे लाव्हाखाली गेली आणि माथ्यावरचे हालेमाऊमाऊ विवर खचून कितीतरी खोल झाले.

पर्यटक येतात ते तापलेला लाव्हा पाहायला. थंड झालेला लाव्हा मात्र जास्त काही सांगतो, आणि त्यासाठी किलाउएआ इकीसारखी दुसरी जागा नाही. या विवरात १९५९ च्या अखेरीस लाव्हाचे कारंजे सुमारे ५८० मी. उंच उडाले होते. मागे राहिलेले लाव्हाचे तळे आतपर्यंत गोठायला काही दशके लागली. आज पायवाट दाट जंगलातून उतरते आणि एकदम काळ्या, भेगाळलेल्या तळावर येते. काही भेगांतून अजून वाफ येते, तर काहींत झाडे रुजली आहेत. उघड्या खडकावर आधी दगडफूल, मग शेवाळ, नेचे आणि शेवटी झाडे असा क्रम पुस्तकांत असतो, पण इथे तो कुणी फारसा पाळत नाही. काही वर्षांतच नेचा आणि ओहिआ हे झाड बरोबरीने उगवतात. गुळगुळीत, वळ्या पडलेल्या पाहोएहोए लाव्हाच्या भेगांत धूळ आणि पाणी साठते, म्हणून तिथे झाडांची रांग भेगेच्या रेघेवरून चालते. खडबडीत, टोकदार आआ लाव्हावर करड्या दगडफुलाचा थर आधी पसरलेला दिसतो.

ओहिआ लेहुआ हा जांभळाच्या कुळातला. त्याच्या फुलाचा लाल झुपका म्हणजे पाकळ्या नव्हेत, ते लांब पुंकेसर. बी इतके बारीक की वारा सहज उडवून नेतो. ज्वालामुखीच्या वायूंचा लोट आला की हे झाड पर्णरंध्रे मिटून घेते. कोवळ्या लाव्हावरच्या झाडांची पाने बहुधा लवदार असतात, जुन्या जंगलातल्यांची तुळतुळीत. एकच जाती कुठे गुडघाभर झुडूप, तर कुठे वीस मीटरचा वृक्ष. त्याच्या सोबतीला आमाऊ नेचा असतो. त्याची कोवळी पाने तांबडी. ओहेलोची लाल-पिवळी फळे नेने हा स्थानिक हंस खातो. माणसांनी मात्र त्यांतली काही आधी ज्वालामुखीची देवी पेले हिला वाहावीत, असा हवाईयन रिवाज आहे.

हिरवळ किती लवकर येणार, हे लाव्हाच्या वयापेक्षा पाऊस ठरवतो. माथ्याच्या पूर्वेला पाऊस भरपूर, त्यामुळे तिथे हापुऊ या वृक्षनेच्यांचे रान आहे. नैर्ऋत्येचे काऊ वाळवंट काही किलोमीटरवरच, पण पर्जन्यछायेत. शिवाय माथ्यावरचे गंधकयुक्त वायू वारा तिकडेच नेतो, त्यामुळे तिथला पाऊस आम्लयुक्त. तिथे मैलोन्‌मैल उघडा खडक आहे. लाव्हाच्या प्रवाहांनी वेढलेले, पण वाचलेले जुने जंगल म्हणजे किपुका. आजूबाजूच्या नव्या खडकाला बियांचा पुरवठा होतो तो बऱ्याचदा अशा बेटांतून.

लाव्हाला पुरून उरणारी ही झाडे बाहेरून आलेल्या पाहुण्यांपुढे हतबल आहेत. हिमालयातून शोभेसाठी आणलेला, सोनटक्क्याचा भाऊबंद काहिली आले जंगलाची जमीन व्यापून टाकतो आणि ओहिआच्या रोपांना उजेड मिळू देत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘ओहिआचा जलद मृत्यू’ हा बुरशीजन्य रोग. २०१४ मध्ये त्याची बुरशी ओळखली गेली. ती सालीच्या जखमेतून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडते. लक्षणे दिसू लागल्यावर काही आठवड्यांत झाड वाळते. म्हणून ओहिआची फांदी मोडू नये, सालीला ओरखडाही काढू नये आणि जंगलात शिरण्यापूर्वी व बाहेर पडल्यावर बुटांची माती ब्रशने घासून काढावी, असे इथे सांगितले जाते.