बुटका खुंट म्हणजे हमखास नफा?

‘सफरचंदाची कलमं बुटक्या खुंटावरचीच घ्या, जमीन कशीही असो, तिसऱ्या वर्षी बाग नफ्यात’ हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो खालचा, मुळांचा भाग.) त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

एम ९ सारख्या बुटक्या खुंटावरचं झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळं धरू लागतं. पण त्याची मुळं उथळ आणि ठिसूळ असतात. कायमचा आधार लागतो, नियमित पाणी लागतं आणि एकरी झाडंही कितीतरी जास्त बसतात. म्हणजे पहिलं फळ दिसण्याआधीच मोठा खर्च झालेला असतो. हलक्या, मुरमाड जमिनीत झाडं खुरटली तर तो वसूल व्हायला फार वेळ लागतो. तिथे एमएम १११ हा खुंट बरा. फळ उशिरा देतो, पण पाण्याचा ताण सोसतो. एमएम १०६ मध्यम वाढीचा, मात्र पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत त्याच्या बुंध्याला कूज लागते आणि ऐन फळावर आलेली झाडं दगावतात. सगळ्यात महाग नुकसान हेच.

पडताळायचं कसं? कलमांची मागणी नोंदवण्याआधी दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डा घ्या. मुरूम किंवा कातळ किती खोलीवर लागतो ते पाहा. करड्या मातीत तांबूस ठिपके दिसले तर तिथे पाणी साचतं. मग खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर आधी निचऱ्याची सोय, मग खुंटाची निवड. आणि रोपवाटिकेकडून खुंटाचं नाव बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘बुटका’ पुरेसं नाही.