जिनिव्हातली समिती आणि जिनिव्हातली परिषद

यंदा २ मार्चला, काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या दिवशी, आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर एक कार्डशीट लावायचं मुलांनी ठरवलं. निफाडकडच्या एका मुलीचं अक्षर सुरेख, म्हणून स्केचपेन तिच्या हातात. वर १९३० चा पंचवटीतला सत्याग्रह, त्याखाली १९३५ ची येवल्याची घोषणा, आणि तळाशी लाल अक्षरांत: '२००१ – डर्बन परिषदेत युनोने जातिभेद हा वंशभेद असल्याचे मान्य केले.'

"हे कुठून आणलंस?"

"नोट्समध्ये आहे, सर. मागच्या बॅचच्या ताईकडून घेतल्यात."

नोट्स मागवल्या. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेच्या अर्ध्या ओळी उडालेल्या, पण हे वाक्य ठळक. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला २००१ मध्ये युनोची वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली होती. तिथे घडलं ते नेमकं याच्या उलट. तिथल्या अंतिम मसुद्यात जातीचा विषय येऊ नये म्हणून भारत सरकारने जोर लावला, आणि तो आला नाही. जातीवर बोट ठेवलं ते पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, जिनिव्हात बसणाऱ्या एका वेगळ्याच मंडळाने. आणि त्यानेही 'जात म्हणजे वंश' असं म्हटलं नाही. नोट्स काढणाऱ्याने दोन युनो एकाच पोत्यात भरले होते.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. कॉन्फरन्सला आपण परिषद म्हणतो आणि कौन्सिललाही परिषदच. त्यात समित्या, आयोग, कार्यालयं. वर्तमानपत्रं तर 'युनोचा ठपका' असा मथळा देऊन मोकळी होतात. मी मुलांना एकच खूण सांगतो: खुर्चीत कोण बसलंय ते बघा, सरकार की माणूस?

आधी परिषद, म्हणजे कौन्सिल. जिनिव्हातल्या मानवाधिकार परिषदेत ४७ खुर्च्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीवर एक देश बसतो. समोर दिसतो तो राजदूत. त्याचं मत राजधानीहून आलेलं असतं. जागा खंडवार वाटलेल्या आहेत: आफ्रिकेला १३, आशिया-पॅसिफिकला १३, लॅटिन अमेरिका-कॅरिबियनला ८, पश्चिम युरोप आणि इतरांना ७, पूर्व युरोपला ६. मुदत तीन वर्षांची, लागोपाठ दोनच वेळा. न्यूयॉर्कला आमसभेत गुप्त मतदान होतं आणि बहुमत मिळवावं लागतं.

कागदावर सगळं चोख. पण ज्याने एखादी ग्रामपंचायत जवळून पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. त्या त्या खंडाचे देश आधी आपसांत बसतात आणि जितक्या जागा तितकेच उमेदवार देतात. आपल्याकडे याला बिनविरोध म्हणतात आणि गावाच्या एकोप्याचं कौतुक करतात. (सरपंचपदाचा लिलाव करून साधलेला असा एकोपा राज्य निवडणूक आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात रद्द केला होता. जिनिव्हाला तसा आयोग नाही.) २०२३ मध्ये आशियाच्या चार जागांना चारच उमेदवार होते, चीन १५४ मतं घेऊन आत गेला. २०२० मध्ये मात्र चार जागांना पाच जण उभे राहिले, आणि सौदी अरेबिया ९० मतांवर पडला. खरी लढत झाली की दडपशाही करणारं सरकार पडू शकतं. म्हणून तर लढतच होऊ नये याची काळजी घेतली जाते.

ही परिषद २००६ ची. त्याआधी १९४६ पासून मानवाधिकार आयोग होता, आणि तो ज्या गोष्टींनी बदनाम झाला त्यातली एक म्हणजे जानेवारी २००३. गद्दाफीच्या लिबियाला त्या वर्षी अध्यक्षपद मिळालं; बाजूने ३३ मतं, विरोधात फक्त ३, तटस्थ १७. पाटी बदलली, आयोगाची परिषद झाली, आणि २००७ मध्ये डर्बनच्या आढावा परिषदेची तयारी करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद पुन्हा लिबियाकडेच गेलं. इराण उपाध्यक्षांत. एप्रिल २००९ मध्ये ती आढावा परिषद जिनिव्हात भरली तेव्हा पहिल्याच दिवशी इराणचे अध्यक्ष अहमदिनेजाद बोलायला उभे राहिले आणि युरोपीय देशांचे प्रतिनिधी रांगेने उठून बाहेर पडले. अमेरिका, जर्मनी, इटलीसारखे देश तर आधीच आले नव्हते. मूळ २००१ च्या परिषदेची आशियातली पूर्वतयारी बैठकही तेहरानलाच झाली होती, आणि ज्या इस्राएलविषयक मजकुरावरून पुढे डर्बनमध्ये अमेरिका आणि इस्राएल उठून गेले त्याची मोठी भर तिथेच पडली.

ज्या सरकारांच्या घरात अल्पसंख्याकांना तुरुंग, त्यांना वंशभेदविरोधी व्यासपीठाचीच इतकी ओढ का? याला नुसतं 'चोराच्या उलट्या बोंबा' म्हणून सोडून देता येत नाही. वसाहतवाद, गुलामांचा व्यापार, दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष या जखमा खऱ्या आहेत. खऱ्या जखमेआड उभं राहिलं की समोरचा बोलताना दहा वेळा विचार करतो, आणि आपल्यावर कुणी बोट रोखलंच तर 'हे वसाहतवादी लोक आम्हाला शिकवणार?' असं म्हणता येतं. १९७५ घ्या. ऑक्टोबरमध्ये आफ्रिकी देशांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून युगांडाचा इदी अमीन आमसभेत बोलला आणि इस्राएलला युनोतून काढा म्हणाला. याच अमीनने तीनच वर्षांपूर्वी आपल्याकडच्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन देशाबाहेर काढलं होतं, तेही निव्वळ ते आशियाई म्हणून. नोव्हेंबरमध्ये 'झायोनवाद (ज्यूंच्या स्वतःच्या राष्ट्राची चळवळ) हा वंशवादाचा प्रकार' हा ठराव ७२ विरुद्ध ३५ मतांनी मंजूर झाला. भारताचं मत बाजूने. १९९१ मध्ये आमसभेनेच तो १११ मतांनी मागे घेतला, तेव्हाही भारत बाजूनेच. मतांवर चालणाऱ्या मंडळाचं असं असतं. वारा फिरला की सत्यही फिरतं.

आता समिती. हिचं पूर्ण नाव वांशिक भेदभाव निर्मूलन समिती, पण इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला सर्ड म्हणतात. हिचा जन्म करारातून झाला. आमसभेने २१ डिसेंबर १९६५ ला वांशिक भेदभावाविरुद्धचा करार संमत केला, तो ४ जानेवारी १९६९ ला लागू झाला, आणि त्यावर देखरेख ठेवायला १८ तज्ज्ञांची ही समिती आली. तज्ज्ञ निवडतात करारात सामील झालेली सरकारंच, दर चार वर्षांसाठी, पण निवडून आल्यावर ते देशाचे प्रतिनिधी राहत नाहीत, व्यक्तिशः बसतात. राजधानीहून चिठ्ठी येणं अपेक्षित नाही.

तिचं काम इंटरनेटवर थेट दिसतं. एकदा सवड काढून बघाच. परिषदेचं सभागृह भव्य, छताला स्पॅनिश चित्रकाराने रंगवलेली रंगीबेरंगी लोंबती टोकं. समितीचं दालन त्यामानाने एखाद्या बँकेच्या बैठकीसारखं. एका बाजूला सरकारचं शिष्टमंडळ फायली घेऊन, दुसऱ्या बाजूला तज्ज्ञ, आणि तीन-तीन तासांच्या दोन बैठका. प्रश्नांची जात वेगळी असते. निषेधाची भाषणं फारशी नाहीत. अमुक कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, शिक्षा किती झाल्या, आकडे का दिले नाहीत, असलं. आपल्या द्राक्षवाल्यांना हा फरक लगेच कळेल. बाजार समितीचं संचालक मंडळ वेगळं आणि युरोपला माल जाण्याआधी औषधाच्या अंशाचा रिपोर्ट देणारी लॅब वेगळी. पॅनल कुणाचंही येवो, रिपोर्टमधला आकडा पॅनल बघत नाही. फक्त एवढंच, की लॅबचा रिपोर्ट खराब आला तर कंटेनर अडतो. सर्डने ताशेरे ओढले तरी कुणाचाही कंटेनर अडत नाही.

दोन्हींचा फरक एकाच प्रकरणात बघायचा असेल तर चीनमधले उइघुर. १० ऑगस्ट २०१८ ला सर्डपुढे चीनची पाळी होती. समितीच्या सदस्य गे मॅकडूगल (दक्षिण आफ्रिकेच्या १९९४ च्या निवडणूक आयोगावर काम केलेल्या अमेरिकन वकील) यांनी शिष्टमंडळाला तोंडावर विचारलं, की उइघुरांचा प्रांत शिनजियांग म्हणजे गुप्ततेच्या पडद्याआडची प्रचंड छावणी झाली आहे, दहा लाख लोक डांबल्याचे अंदाज आहेत, यावर तुमचं म्हणणं काय? शिष्टमंडळाने तीन दिवसांनी असं काही नाहीच म्हणून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये शिनजियांगच्या नियमांत बदल झाला आणि त्याच केंद्रांना 'व्यावसायिक प्रशिक्षण' म्हणून कायद्याचं छप्पर मिळालं. म्हणजे जे नव्हतंच ते दोन महिन्यांत कायदेशीर झालं.

चार वर्षांनी तोच विषय परिषदेत आला. ३१ ऑगस्ट २०२२ ला युनोच्या मानवाधिकार कार्यालयाने (हे आणखी तिसरंच) अहवाल दिला, की तिथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असण्याची शक्यता आहे. त्यावर निषेधाचा नव्हे, चौकशीचाही नव्हे, नुसत्या चर्चेचा प्रस्ताव ६ ऑक्टोबरला मतदानाला आला. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. प्रस्ताव पडला. विरोधात मतं टाकणाऱ्यांत पाकिस्तान, कतार, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती होते. उइघुर मुस्लिम आहेत हे लक्षात घेऊन ही यादी पुन्हा वाचा. भारत तटस्थांत. त्यानंतर सात आठवड्यांनी, त्याच शहरात, सर्डने चीनला उद्देशून निर्णय काढला: डांबलेल्यांना सोडा आणि चौकशी करा. त्यासाठी तिला कुणाच्या १७ मतांची गरज पडली नाही.

म्हणून समिती म्हणजे साधुसंतांची जमात, असंही नव्हे. उमेदवारी सरकारच देतं, आणि या खुर्च्यांवर राजदूत-माजी राजदूत पुष्कळ बसले आहेत. दुसरी युक्ती साधी आहे: अहवालच उशिरा पाठवायचा, मग दोन-तीन एकत्र करून. व्यक्तीची तक्रार ऐकायची सोय करारात आहे, पण त्यासाठी सरकारने वेगळी संमती द्यावी लागते. चीनने दिलेली नाही, भारतानेही नाही.

परिषदही अगदीच कुचकामी नाही. गद्दाफीने स्वतःच्याच लोकांवर बंदुका चालवल्यावर मार्च २०११ मध्ये आमसभेने लिबियाला परिषदेतून निलंबित केलं, एप्रिल २०२२ मध्ये रशियाला. आणि दबाव आणायला हुकूमशाही असावीच लागते असंही नाही. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जून २०२० मध्ये आफ्रिकी देशांनी अमेरिकेतल्या पोलिसी वर्णद्वेषाची आंतरराष्ट्रीय चौकशी मागितली, आणि अंतिम ठरावातून ती मागणी गळून पडली.

मग येतो आपला विषय, जो त्या कार्डशीटवर चुकला होता. करारात भेदभावाचे आधार मोजून दिले आहेत: वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. यातला कूळ, म्हणजे जन्माने चिकटलेली परंपरा, हा शब्द मसुद्यात घाला असं सुचवणारा देश होता भारत. पुढे भारताचीच भूमिका झाली, की जात त्यात बसत नाही. डर्बनला तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी हेच मांडलं: जात आणि वंश एक नव्हेत. तेवढ्यापुरतं ते बरोबर होतं. जात म्हणजे वंश हे मत बाबासाहेबांनीही खोडून काढलं होतं. पण तिथे गेलेल्या दलित संघटना वंशाचा हट्ट धरून बसल्याच नव्हत्या. त्यांना 'काम आणि जन्म यांवरून होणारा भेदभाव' एवढे शब्द हवे होते. देशांच्या सहमतीवर चालणाऱ्या अशा जागतिक परिषदेत एक मोठा देश अडून बसला की शब्द जातात. तसे ते गेले.

सर्डने २००२ मध्ये आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत लिहिलं, की 'कूळ' या शब्दात जात आणि तशाच जन्माधारित व्यवस्था येतात. २००७ मध्ये भारताची पाळी आली तेव्हा शिष्टमंडळाने जुनंच उत्तर दिलं आणि समितीने ते मानलं नाही. गंमत म्हणजे त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीत जाहीरपणे म्हणाले होते, की अस्पृश्यतेला समांतर अशी एकच गोष्ट आहे, दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष.

भारताला मी लिबिया-इराणच्या रांगेत बसवत नाही. इथे निदान हे लिहिता येतं. पण जातीबद्दलची 'आमचा अंतर्गत मामला' ही भाषा मला टोचते, कारण ती एकेकाळी आपल्याच विरोधात वापरली गेली होती. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडित यांनी आमसभेत नेला तेव्हा जनरल स्मट्स यांचं सरकार हेच म्हणत होतं. ३२ विरुद्ध १५ मतांनी भारत जिंकला. मतांच्या त्या बाजारातून कधीकधी असंही निघतं. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अस्पृश्यांचा प्रश्नही युनोपुढे नेण्याचा विचार आहे म्हणून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी युनोला दिलेल्या निवेदनाची प्रत मागायला.

एवढं सगळं ऐकून मुलीने कार्डशीटचा तळ व्हाइटनरने पुसला. एका ओळीच्या जागी दोन आल्या, २००१ ची वेगळी, २००२ ची वेगळी. मग मोबाइलवर कराराच्या सह्यांची यादी काढून ती बराच वेळ खाली-वर करत बसली.

"सर, भारताने या करारावर सही कधी केली बघितलंत? २ मार्च १९६७."

"योगायोग आहे गं."

"असू दे," म्हणाली, आणि उरलेल्या दोन बोटं जागेत तिसरी ओळ बसवायला लागली.