माशीआड हरीण

रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो छोटा उभा तुकडा असतो, त्याला माशी म्हणतात. शिकारीच्या रिव्हॉल्व्हरवर ती बहुधा ३.२ मिलिमीटर जाड असते. दोन्ही हात लांब करून रिव्हॉल्व्हर समोर धरली की माशी डोळ्यापासून साधारण ८० सेंटिमीटरवर येते. आता शाळेतला समरूप त्रिकोणांचा नियम लावून पाहा. ८० सेंटिमीटरवरचे ३.२ मिलिमीटर म्हणजे १०० मीटरवरचे ४० सेंटिमीटर. अमेरिकेतल्या म्यूल हरणाची छाती पाठीपासून पोटापर्यंत मोजली तर ४५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे १०० मीटरवरचं हरीण नेम धरताना माशीमागे जवळजवळ गडप होतं.

आणि तरीही सहाशे यार्डांची गोष्ट काही केल्या मरत नाही. आयडाहोतला एल्मर कीथ हा बंदुकांवर लिहिणारा नामांकित माणूस. त्याच्या पाठपुराव्यामुळेच ४४ मॅग्नम हे काडतूस १९५५च्या अखेरीस तयार झालं. रायफलीने आधीच जखमी झालेल्या एका हरणाला आपण ६०० यार्डांवरून, म्हणजे सुमारे ५५० मीटरवरून, रिव्हॉल्व्हरने टिपलं, असं त्याने सांगितलं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. पण वाद नेमबाजाच्या कौशल्याभोवतीच फिरत राहिला आणि खरा मुद्दा बाजूला पडला. एवढं अंतर कापायला त्या गोळीला सुमारे दोन सेकंद लागतात. तेवढ्यात ती १७-१८ मीटर, म्हणजे पाच-सहा मजले खाली येते. बाराचा आवाज गोळीच्या आधी हरणापर्यंत पोचतो. सावकाश चालणारं हरीणही दोन सेकंदांत तीन मीटर पुढे सरकतं.

रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार करण्याचा हा सगळा विषय अमेरिकेच्या पश्चिम भागातला आहे. वायोमिंग, मोंटानासारख्या राज्यांत सेजब्रशची गुडघाभर झुडपं असलेले अफाट माळ आहेत. तिथे परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येनेच हरीण मारता येतं. हातबंदुकीने मारायचं तर काडतूस कोणतं चालेल याचे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि माळावरच्या चिंकारा-काळविटांना त्यात सर्वांत कडक संरक्षण आहे. ते योग्यच आहे. पण रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं विज्ञान कुठेही तेच असतं, आणि त्याबद्दल सिनेमाने पसरवलेले गैरसमज आपल्याकडेही तितकेच पक्के आहेत.

४४ मॅग्नमच्या गोळीचा व्यास १०.९ मिलिमीटर असतो. नेहमीच्या गोळीचं वजन २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. १९ सेंटिमीटरच्या नळीतून ती सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने निघते. हा वेग ध्वनीपेक्षा थोडाच जास्त आहे. गोळी जाड आणि आखूड असल्यामुळे हवा तिला जोरात अडवते आणि १०० मीटरवर तिचा वेग ३२० मीटरच्या आसपास उरतो. म्हणजे वाटेतच कुठेतरी ती ध्वनीच्या वेगाखाली येते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने १३०० ज्यूलवरून साधारण ८०० ज्यूलवर उतरते.

आता गोळी खाली किती येते ते पाहू, कारण सगळी गोम इथेच आहे. गोळी नळीतून सुटली की गुरुत्वाकर्षण तिला लगेच खाली ओढू लागतं. "ताकदीची गोळी काही अंतर सरळ जाते आणि मग वाकते" ही समजूत साफ चुकीची आहे. हातातून सुटलेला दगड आणि आडवी उडालेली गोळी एका सेकंदात जवळपास सारख्याच खाली येतात. म्हणून अंतर बाजूला ठेवा, वेळ मोजा. ५० मीटरला ०.१३ सेकंद लागतो. ४.९ गुणिले वेळेचा वर्ग केला की घसरण येते ८ सेंटिमीटर. १०० मीटरला ०.२८ सेकंद लागतो आणि हवेचा अडथळा धरून घसरण होते ३६ सेंटिमीटर. १५० मीटरला ०.४४ सेकंद, घसरण ९० सेंटिमीटर. अंतर तिप्पट झालं, घसरण अकरा पट झाली. अंतराच्या वर्गाने नऊ पटच व्हायला हवी होती. उरलेली वाढ गोळी वाटेत मंदावते म्हणून होते, कारण शेवटच्या ५० मीटरला पहिल्या ५० मीटरपेक्षा जास्त वेळ लागतो.

ही घसरण भरून काढायला गोळी सुटताना दृष्टिरेषेच्या तुलनेत नळीचं तोंड किंचित वर असावं लागतं. गोळी माशीच्या रेषेखालून निघते, रेषा ओलांडून वर जाते आणि पुन्हा खाली येऊन ठरलेल्या अंतरावर रेषेला भेटते. त्या अंतराला झिरो म्हणतात. समजा १०० मीटरला झिरो केलं. मग ५० मीटरवर गोळी ९ सेंटिमीटर वर लागते, १२५ वर १४ सेंटिमीटर खाली आणि १५० वर तब्बल ३५ सेंटिमीटर खाली. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीएवढा धरा. मधोमध नेम धरला तर वर-खाली दहाच सेंटिमीटरची सूट मिळते. म्हणून झिरो ७५ मीटरला करणं जास्त शहाणपणाचं. तेव्हा मधल्या अंतरांवर गोळी चार-साडेचार सेंटिमीटरच वर राहते आणि १०० मीटरवर साडेनऊ सेंटिमीटर खाली, म्हणजे ताटलीच्या अगदी काठावर. १२५ मीटरवर मात्र ती २६ सेंटिमीटर खाली जाते. तिथे फुफ्फुसं नाहीत, तिथे पाय आहे. १०० मीटरला झिरो केलेल्या, ३०-०६ नावाचं काडतूस वापरणाऱ्या रायफलीची गोळी १२५ मीटरवर जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर खाली येते. रायफलवाल्याने २५ मीटरची चूक केली तर त्याला ती कळतही नाही. रिव्हॉल्व्हरवाल्याची तीच चूक हरणाचा पाय मोडते.

खरी मर्यादा घालते ती अंतराची चूक, गोळीची ताकद नव्हे. पोलादी प्राण्यांच्या आकृत्यांवर हातबंदुकीने नेमबाजी करण्याचा खेळ अमेरिकेत १९७० च्या दशकात संघटित झाला. त्यात २०० मीटरवरचे पोलादी मेंढे रिव्हॉल्व्हरने पाडले जातात, कारण तिथे अंतर आधीच ठाऊक असतं. माळावर ते कोणी सांगत नाही, आणि डोळा नेमका तिथेच फसतो. मधली जमीन घळीत लपली की अंतर कमी वाटतं. कोरड्या, स्वच्छ हवेत लांबची वस्तू जवळ भासते. आकाराची तुलना करायला झाड नाही, खांब नाही. १०० मीटरवरचं पाडस आणि १४० मीटरवरचा मोठा नर डोळ्याला सारखेच दिसू शकतात. लेझरचा अंतरमापक हा प्रश्न बराच सोडवतो. तो प्रकाशाला जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतो. १५० मीटरसाठी तो वेळ एक मायक्रोसेकंद भरतो. पण किरण हरणाच्या अलीकडच्या सेजब्रशवर आपटला तर यंत्र झुडपाचं अंतर दाखवतं. म्हणून दोन-तीनदा मोजावं, आणि हरणाच्या बाजूची उघडी जमीनही मोजावी. यंत्र नसेल तर माशीच मापक होते. पूर्ण वाढलेल्या हरणाच्या छातीपेक्षा माशी जाड दिसू लागली की अंतर हाताबाहेर गेलं असं समजून बार करू नये.

वाऱ्याचंही असंच. आडवा वारा गोळीला नुसता ढकलत नेतो असं वाटतं, पण हिशेब वेगळा आहे. निर्वात पोकळीत गोळीला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा हवेत जितका जास्त वेळ लागतो, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. १०० मीटरसाठी हा जादा वेळ ०.०३५ सेकंद. ताशी १६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटरचा वारा असला तर गोळी १५-१६ सेंटिमीटर सरकते. ५० मीटरवर हाच आकडा चार सेंटिमीटरच्या आत येतो. अंतर अर्धं केलं, चूक चौथाईवर आली. पुढे सरपटत जाण्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही.

रिव्हॉल्व्हरची स्वतःचीही एक अडचण आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांत जेमतेम २४ सेंटिमीटरचं अंतर असतं. छपाईच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर. माशी खाचेत तेवढीच बाजूला सरकली तर १०० मीटरवर गोळी ४ सेंटिमीटर हुकते. अडीच कागदांएवढी सरकली की ताटलीबाहेर. नळीवर लाल ठिपक्याचा दर्शक बसवला तर खाच-माशी जुळवण्याची ही कसरत संपते. पण चार मिनिटांच्या (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोनाचा ठिपकाही १०० मीटरवर साडेअकरा सेंटिमीटर जागा झाकतो, म्हणून बारीक ठिपका घ्यावा. घोडा आधी हाताने मागे ओढून बार करावा. मग चाप एक-दीड किलोच्या दाबाने सुटतो. नुसता चाप ओढून घोडा उचलायला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो आणि नळी हलते.

आता एक सूक्ष्म गोष्ट, जी भल्याभल्यांना चकवते. दारू पेटते तेव्हा गोळी नळीत असतानाच रिव्हॉल्व्हर मागे आणि वर उसळू लागते, कारण नळी मुठीच्या वर असते. गोळी बाहेर पडेपर्यंत नळीचं तोंड थोडं वर आलेलं असतं. म्हणूनच पुढची माशी मागच्या खाचेपेक्षा उंच ठेवतात. नेम धरलेला असताना नळी प्रत्यक्षात किंचित खाली रोखलेली असते आणि धक्काच तिला वर आणतो. वजनदार, संथ गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, म्हणून जवळच्या अंतरावर ती हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते! मूठ सैल धरली किंवा नळी कडक दगडावर टेकवली तरी उसळी बदलते आणि नेमही बदलतो. म्हणून झिरो करताना आणि माळावर बार करताना काडतूस तेच हवं, पकड तीच हवी आणि आधारही तोच हवा. पाठपिशवीवर घडी घातलेलं जाकीट ठेवून त्यावर मनगटं टेकवावीत. नळी कशावरही टेकवू नये.

काडतुसांचं चाक आणि नळी यांच्यामध्ये साधारण ०.१५ मिलिमीटरची फट असते. त्यातून तप्त वायू आणि शिशाचे कण आडवे फुटतात. रायफलीसारखा दुसरा हात पुढे नळीखाली नेला तर बोटं भाजतात, कापलीही जातात. बसून, गुडघ्यांच्या आधाराने बार करायचा तर चाकाच्या बाजूला पायाचं कापडही येऊ देऊ नये. मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या घरातला असतो, म्हणून माळावरही कान झाकूनच बार करावा. सरपटताना नळीत चिखल किंवा बर्फ गेलं असेल तर आधी रिव्हॉल्व्हर रिकामी करून नळी तपासायची. नळी तुंबली असताना बार केला तर ती फुगते किंवा फाटते.

"मॅग्नम लागली की जनावर उडून पडतं" हा जाहिरातींचा लाडका दावा न्यूटनच्या नियमांपुढे टिकत नाही. गोळीचा संवेग ६.४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ती ८० किलोच्या हरणात अडकली तरी त्याला सेकंदाला ८ सेंटिमीटरचा वेग मिळेल, म्हणजे गोगलगायीपेक्षा बरा इतकंच. शिवाय नेमबाजाला त्याहून जास्त धक्का बसतो, कारण गोळीच्या संवेगात वायूचाही भर पडतो. सव्वा-दीड किलोची रिव्हॉल्व्हर सेकंदाला सहा मीटर वेगाने मागे येते. हरीण मरतं ते रक्तस्रावाने. रायफलीच्या वेगवान गोळीभोवती मांस क्षणभर फाकून फाटतं. रिव्हॉल्व्हरच्या वेगाला ते बहुतेक ताणून परत जागेवर येतं आणि गोळीने प्रत्यक्ष पाडलेलं भोकच काय ते उरतं. ते दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेलं पाहिजे. म्हणून हरीण पूर्ण आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम धरतात. पोकळ टोकाची गोळी फुलण्यासाठी, म्हणजे टोक पसरून रुंद होण्यासाठी, वेग लागतो आणि १०० मीटरवर तो कधीकधी पुरत नाही. चपट्या टोकाची कडक शिशाची गोळी न फुलताही आरपार जाते. मात्र कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन काँडर गिधाडं मरत होती. तिथे तांब्याची गोळी वापरावी लागते.

फुफ्फुसांत गोळी लागलेलं हरीणही बऱ्याचदा पन्नास-शंभर मीटर धावतं. लगेच मागे लागू नये, अर्धा तास थांबावं. जिथून बार केला तिथे टोपी ठेवावी, कारण हरीण उभं होतं त्या जागी पोचल्यावर माळ अगदी वेगळा दिसतो. तिथून उलट टोपीपर्यंतचं अंतर मोजलं की जागा पक्की होते. मग जमिनीवर वाकून केस आणि रक्त शोधायचं. गुलाबी, फेसाळ रक्त दिसलं तर गोळी फुफ्फुसांत लागली आहे आणि हरीण जवळच पडलं असेल. रक्त काळपट असून त्यात हिरवट चोथा दिसला तर गोळी पोटात गेली आहे. अशा वेळी काही तास मागे हटून बसावं. पाठलाग केला तर ते हरीण सेजब्रशमधून मैलभर जातं आणि सापडत नाही.