नीरीचं तंत्रज्ञान व्यवसायासाठी घ्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि करारापर्यंतची वाट

वरून बघाल तर कर्दळ आणि पाणकणसाचा लांबट वाफा. खाली खडी. त्या खडीच्या पोटातून सांडपाणी सावकाश सरकतंय, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण पाणी उघडं दिसतच नाही. हे फायटोरिड. नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, विकसित करून पेटंट घेतलेली, झाडं आणि खडी वापरून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातही ती वापरली गेली आहे. बघणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला वाटतं, यात काय, आपणही बांधू. पण पेटंट असलेली रचना धंदा म्हणून विकायची तर नीरीशी लायसन्सचा लेखी करार हवा. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ६८ प्रमाणे तोंडी परवानगीला किंमत नाही.

नीरी १९५८ साली सुरू झाली. ती सीएसआयआरची, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक परिषदेची प्रयोगशाळा. त्यामुळे इथे येणारा माणूस गिऱ्हाईक नसतो, भागीदार असतो, आणि कोणत्या नात्याने आलात हे आधी ठरवावं लागतं. तयार तंत्रज्ञान घ्यायचं असेल तर लायसन्स. तुमच्या कारखान्याचा प्रश्न त्यांनी पूर्णपणे तुमच्या पैशांनी सोडवायचा असेल तर प्रायोजित प्रकल्प. खर्च, माणसं आणि निघालेलं पेटंट वाटून घ्यायचं असेल तर सहयोगी प्रकल्प. निम्मे अर्ज इथेच गडबडतात: हवं असतं लायसन्स आणि पत्रात लिहिलेलं असतं ‘संशोधन सहकार्य’. मग पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं.

पात्रतेचं म्हणाल तर कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), भागीदारी संस्था, एकल मालकी, कोणीही विचारणा करू शकतं. बघितलं जातं ते एवढंच, की काम पेलण्याइतका पैसा आणि तांत्रिक माणूस तुमच्याकडे आहे का. भागीदारी संस्था असेल तर ती नोंदवून घ्या. भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे नोंदणी नसलेल्या संस्थेला करार मोडणाऱ्यावर दावाच लावता येत नाही. पुढे वाद झाला तर हात बांधलेले तुमचेच.

कागदपत्रांची फाईल आधीच लावून ठेवा. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा भागीदारीपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी असल्यास ती, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, केलेल्या कामांची यादी, इंजिनीअरचा बायोडेटा, आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव किंवा भागीदारांचं अधिकारपत्र. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. आमच्या पॅनवर ‘एंटरप्रायझेस’ होतं आणि भागीदारीपत्रात ‘एंटरप्राइझ’. एका ‘एस’पायी तीन आठवडे गेले. चूक आमचीच.

पहिलं पत्र व्यवसाय विकास विभागाच्या नावे पाठवायचं. ‘माहिती व दर कळवावेत’ एवढंच लिहू नका. कोणतं तंत्रज्ञान, कोणत्या भागात, रोज किती हजार लिटरची कामं, आणि आजवर काय बांधलंय, हे एका पानात बसवा. बोलणी पुढे सरकली की गोपनीयतेचा करार होतो. आराखडे आणि गणितं त्यानंतरच उघडली जातात, त्याआधी मागू नका. मग तांत्रिक चर्चा, आर्थिक अटी आणि शेवटी मुख्य करार.

खरा वेळ द्यायचा तो या मसुद्याला. लायसन्स अनन्य की अनेकांना मिळणारं? अनेकांना मिळणारं असेल तर शेजारच्या जिल्ह्यातला ठेकेदारही तेच घेऊन उभा राहील, हे धरूनच हिशेब मांडा. मुदत किती, प्रदेश कोणता, पोटलायसन्स, म्हणजे आपलं लायसन्स पुढे दुसऱ्याला, देता येईल का, तुम्ही केलेली सुधारणा कोणाच्या नावावर, नीरीचं नाव जाहिरातीत कसं वापरायचं, आणि विक्री झाली नाही तरी किमान रॉयल्टी, म्हणजे विक्रीमागे नीरीला द्यायचा वाटा, भरावी लागेल का? शेवटच्या ओळीकडे लहान उद्योजकाचं हमखास दुर्लक्ष होतं. पहिल्या वर्षी दोनच कामं मिळाली की तीच ओळ डोळ्यात खुपते.

पैसे दोन भागांत जातात: सुरुवातीची एकरकमी फी आणि नंतर विक्रीवर रॉयल्टी. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी धरा. शंभराच्या स्टँपपेपरची सवयही सोडा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कराराला किमान ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क आहे. सह्या झाल्यावर लायसन्सची नोंद पेटंट कार्यालयातही करून घ्यावी. कायद्यात त्यासाठी कलम ६९ आहे. भागीदारी कायद्यातलंही ६९ आणि हेही ६९, त्यामुळे वकिलाशी बोलताना कायद्याचं नाव घ्यायला विसरू नका.

लायसन्स हातात आलं म्हणजे प्रकल्पाला मंजुरी मिळाली, असा समज करून घेऊ नका. प्रकल्पाला जल कायदा, १९७४ खाली संमतीपत्र लागत असेल, तर ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडूनच घ्यायचं. बाहेर पडणारं पाणी निकषात बसलं नाही तर तिथे नीरीचं नाव दाखवून भागत नाही. म्हणून गिऱ्हाईकाला दर देण्याआधी ही संमती कोणी काढायची आणि पाण्याच्या तपासणीचा खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्येच लिहून टाका.