‘तिचं आयुष्य संपलं’ हे खरं नाही

युद्धात बलात्कार झालेल्या बाईबद्दल ‘आता तिचं काही उरलं नाही’ असं वर्षानुवर्षं बोललं जातं. दयेपोटी बोललं, तरी ते चूकच आहे.

आफ्रिकेतल्या, युद्धानं होरपळलेल्या काँगोतल्या बुकावू शहरातलं पांझी रुग्णालय बघा. डॉ. डेनिस मुकवेगे यांनी १९९९ साली ते काढलं, तेव्हा डोक्यात बाळंतपणं होती. पण पहिलीच रुग्ण आली ती बलात्कारानंतर गोळ्या घातलेली. तेव्हापासून तिथं हजारो बायकांवर उपचार झाले. मुकवेगे यांना २०१८ चं शांततेचं नोबेल इराकमधल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्यासोबत मिळालं.

अनेकींना फिस्टुला होतो, म्हणजे मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं. लघवी सतत झिरपते, लुगडं ओलं राहतं, वास येतो. मग घरचे बाजूला बसवतात. लोक ज्याला ‘कलंक’ म्हणतात, त्यातलं बरंचसं हे एक भोक असतं, आणि ते शिवता येतं! शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे लघवीसाठी नळी ठेवतात. ती काढल्यावर अंथरूण कोरडं राहिलं की बाई पुन्हा चारचौघींत बसू शकते.

अर्थात टाके घातले म्हणजे झालं, असंही नाही. म्हणून पांझीत मानसोपचार, वकिलाची मदत आणि शिवणकामासारखं कमाईचं शिक्षणही मिळतं. एचआयव्ही टाळायची औषधं मात्र बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. लाजेपोटी, भीतीपोटी घरात बसण्यात नेमके हेच तास जातात.