हौशी सीएनसीचे ड्रायव्हर का उडतात?

माझ्या खणात सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्राचा, एक निळा बोर्ड पडून आहे. तीन अक्षांच्या मोटरींना वीज सोडणाऱ्या तीन चिप, म्हणजेच ड्रायव्हर, एका ओळीत हीटसिंकला आवळलेल्या, आणि मधल्या चिपच्या पोटाला मुगाच्या दाण्याएवढा खड्डा. ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाच पाडत होतो. वाय अक्ष मधेच थांबला, एक्स बिचारा इमानाने पुढे जात राहिला, तीन मिलिमीटरची एंडमिल, म्हणजे कापायचं हत्यार, तुटली, आणि मग तो वास आला. ज्याने एकदा ड्रायव्हर उडवलाय त्याला तो वास समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मोटरच्या एका वायरचा स्क्रू ढिला झाला होता. बस, एवढंच. बोर्डाला २४ व्होल्टचा पुरवठा होता, चिपची कमाल मर्यादा ४० व्होल्ट. हिशेबाने १६ व्होल्ट हाताशी शिल्लक. ते गेले कुठे, हे शोधायचं तर या यंत्रांची वंशावळ काढावी लागते.

कारखान्यातल्या सीएनसीला हा आजार मुळातच कमी. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने जे संख्या-नियंत्रित मिलिंग मशीन चालवून दाखवलं, त्याचं नियंत्रण व्हॅक्यूम ट्यूबच्या कपाटांत होतं. पण टेबल खरोखर कुठे पोचलं हे उलट कळवायची सोय त्यात पहिल्या दिवसापासून होती. मोठी मशीन पुढेही बहुतांशी याच वाटेने गेली: सर्वो मोटर, मागे ती किती फिरली हे मोजणारा एन्कोडर, आणि सांगितलेल्या व गाठलेल्या जागेतला फरक वाढला की मशीन स्वतःच थांबणार. याला अपवाद होते. १९७० च्या दशकातल्या बॉस नावाचा कंट्रोल असलेल्या ब्रिजपोर्ट मशीनवर दणकट स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी सरकणाऱ्या, मोटरी होत्या. त्यांचे ड्रायव्हरही तेवढेच दणकट, अख्खं कपाट भरून.

घरी मशीन बांधणाऱ्याकडे कपाटही नव्हतं आणि पैसेही नव्हते. त्याच्या हाताला लागली ती जुन्या प्रिंटरमधून किंवा भंगारातून काढलेली स्टेपर मोटर. एका फेऱ्यात २०० स्टेप, म्हणजे स्टेपला १.८ अंश. संगणकाने ‘एक स्टेप’ म्हटलं की मोटर एक स्टेप सरकते, निदान तसं गृहीत धरलं जातं. सरकली का, हे कोणी विचारत नाही. मशीनने स्टेप खाल्ल्या, म्हणजे मधेच गाळल्या, तर ते कळतं जॉब बिघडल्यावर.

आता व्होल्टचं. स्टेपरवर १२ व्होल्ट किंवा ३ व्होल्ट असं काहीबाही छापलेलं असतं, म्हणून नवखा माणूस तेवढेच व्होल्ट देतो आणि मोटर जरा जोरात फिरवली की ती नुसती घुरघुरते. कारण मोटरचं वेटोळं म्हणजे इंडक्टर, त्यातला करंट एकदम वाढत नाही. ३ मिलिहेन्रीच्या वेटोळ्यात २ अँपिअर चढवायला २४ व्होल्टवर साधारण पाव मिलिसेकंद लागतो, रोध वगैरे सोडून. मिनिटाला ३०० फेऱ्यांवर एका स्टेपला एक मिलिसेकंद मिळतो, तिथे भागतं. १२०० फेऱ्यांवर पाव मिलिसेकंदच मिळतो. करंट जेमतेम चढला की उतरायची वेळ, ताकद गायब. व्होल्ट दुप्पट करा, चढण निम्मी होते. म्हणून स्टेपरवाला कायम व्होल्टचा भुकेला असतो, आणि चिपच्या मर्यादेला जितकं चिकटता येईल तितकं चिकटतो. पुढचा बराचसा इतिहास या भुकेचाच आहे.

पहिला उपाय होता रेझिस्टरचा. व्होल्ट भरपूर द्यायचे आणि जादाचा करंट मोटरच्या ओळीत लावलेल्या जाड रेझिस्टरने अडवायचा. ते रेझिस्टर इतके तापत की त्यावर चहा ठेवावा. मग करंट मोजून वीज चालू-बंद करणारे चॉपर आले. १९८० च्या दशकात एसजीएस या युरोपीय कंपनीच्या एल२९७ आणि एल२९८ या जोडीने हौशी लोकांचा प्रश्न सोडवला: पहिली चिप ठरवणार, दुसरी करंट सोडणार. एल२९८ चा पुरवठा ४६ व्होल्टपर्यंत, दर वेटोळ्याला २ अँपिअर. पण तिच्या आत जुन्या धाटणीचे बायपोलर ट्रान्झिस्टर. पूर्ण २ अँपिअर घेतले तर चिपमध्येच जवळजवळ ५ व्होल्ट अडकू शकतात. म्हणजे एका वेटोळ्यामागे १० वॅट, दोन्ही मिळून २०, नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये. हीटसिंक लहान पडला की खेळ खलास. तरी या चिपविषयी मला राग नाही. ती आपली मर्यादा तापून सांगायची, बोट लावलं की कळायचं.

याच सुमारास प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून थेट स्टेप सोडण्याची पद्धत रुळली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत जन्मलेला ईएमसी हा मशीन चालवायचा प्रोग्राम पुढे लिनक्ससीएनसी झाला, विंडोजवर मॅक३ आला. संगणकाकडून स्टेप मिळायची सोय झाली, राहिला फक्त ड्रायव्हर.

ती जागा अमेरिकेतल्या गेकोड्राइव्हने भरली. मारिस फ्रीमानिस यांची ही छोटी कंपनी. त्यांचा जी२०१ हा मुठीत मावणारा ड्रायव्हर ८० व्होल्ट आणि ७ अँपिअर झेलायचा. कमी पैशांत इतकी ताकद त्याआधी हौशी माणसाला पाहायला मिळाली नव्हती. पण चालू मोटरची वायर काढली की तोही जायचा, आणि लोक वायर काढायचेच. नंतरच्या जी२०३व्ही मध्ये या सगळ्या चुकांपासून संरक्षण घातलं. त्यातल्या ‘व्ही’ चा अर्थ व्हॅम्पायर, म्हणजे सहजी न मरणारा. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक सुधारणा हीच. माणूस चुकणार हे धरून चालायचं.

अडचण किमतीची. तीन अक्षांना तीन गेको घेतले की बारक्या मशीनपेक्षा ड्रायव्हरच महाग. इथे तोशिबाची टीबी६५६०एएचक्यू चिप आली आणि तिच्यावर चीनमधून ते निळे बोर्ड निघाले, तीन-चार अक्ष एकाच पाटीवर, किंमत एका गेकोच्या आसपास किंवा कमीच. चिपच्या माहितीपत्रकात ४० व्होल्ट आणि ३.५ अँपिअर हे आकडे आहेत खरे, पण कमाल सोसण्याचे. रोज वापरायचा वरचा आकडा ३४ व्होल्ट. जाहिरातीत कुठला छापला असेल? चिपला मरण ज्या आकड्यावर येतं तो.

त्याच माहितीपत्रकात आणखी एक अट आहे, ती मला बोर्ड जळल्यावर वाचायला मिळाली. आधी चिपच्या डोक्याचे ५ व्होल्ट यावेत, ते स्थिरावले की मगच मोटरची वीज यावी. बंद करताना उलट. डोकं जागं व्हायच्या आत हातापायात वीज आली तर आतले ट्रान्झिस्टर कुठल्याही अवस्थेत असू शकतात. स्वस्त बोर्डांत हे ५ व्होल्ट बरेचदा मोटरच्याच २४ व्होल्टवरून बनवले जात. म्हणजे अट पाळायची सोयच नाही. शिवाय स्टेपच्या ओळीवर काही बोर्डांनी संथ ऑप्टोकपलर, म्हणजे सिग्नल प्रकाशातून पोचवणारे भाग, लावले होते. फीड, म्हणजे कापताना सरकायचा वेग, वाढवला की सिग्नलच्या कडा बोथट होऊन स्टेप हुकायच्या, आणि माणूस आठवडाभर अक्षाच्या लांब स्क्रूला तेल घालत बसायचा.

माझ्या ढिल्या स्क्रूकडे परत येतो. वेटोळ्यातून करंट वाहताना वायर सुटली तर तो करंट थांबायला तयार नसतो. व्होल्ट उसळी मारतात आणि वाट सापडेल तिथे घुसतात. तेच ब्रेक मारताना. जड गॅन्ट्री, म्हणजे मशीनची सरकती कमान, वेगात असताना थांबवली की मोटर क्षणभर जनरेटर होते आणि वीज उलटी पुरवठ्यात ढकलते. खोटं वाटत असेल तर मशीन बंद असताना एक्सचं चाक हाताने झटकन फिरवून बघा, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या कपॅसिटरच्या पुरवठ्यात ही उलटी वीज जिरते. स्वस्त एसएमपीएसला, म्हणजे हलक्या स्विचिंग पुरवठ्याला, ती परत घेता येत नाही, व्होल्ट चढत जातात. शिल्लक १६ व्होल्टचा हिशेब हा असा संपतो.

मग थ्रीडी प्रिंटर आले आणि पिढी बदलली. २००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात सुरू झालेला रेपरॅप हा थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प, त्याच वर्षीचा अर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, आणि २००९ मध्ये अर्डुइनोवर चालणारा जीआरबीएल हा सीएनसीचा प्रोग्राम. पॅरलल पोर्ट गेला, ड्रायव्हर टपाल तिकिटाएवढा झाला. ॲलेग्रोची ए४९८८, मर्यादा ३५ व्होल्ट. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही८८२५, मर्यादा ४५. प्रिंटरचं डोकं हलकं, त्याला हे पुरेसं होतं. तेच ड्रायव्हर लोकांनी धातू कापणाऱ्या मशीनला लावले. अर्डुइनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड या गाजलेल्या पाटीवर १२ ते ३६ व्होल्ट असं लिहिलेलं, आणि त्यात बसवायचा ए४९८८ मात्र ३५ वर संपतो. मूळ बनवणाऱ्याने याची सूचना दिली होती. बोर्डाची नक्कल झाली, सूचनेची झाली नाही.

त्यात आणखी एक खोड. दोन्ही ड्रायव्हरवर करंट ठरवायचा चिमुकला स्क्रू असतो, पण एकावर तो एका टोकाला आणि दुसऱ्यावर विरुद्ध टोकाला. ए४९८८ काढून डीआरव्ही८८२५ बसवताना माणूस स्क्रू बघून दिशा ठरवतो, उलटा बसवतो, आणि चालू करताक्षणी धूर. शिवाय लांब वायर आणि बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटर यांच्यामुळे वीज जोडताना उसळी येते. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरही ती ३५ च्या वर जाऊ शकते. उपाय म्हणजे शेजारी १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. काही रुपयांचा भाग, आणि नेमका तोच लावायचा राहतो.

बाजारातल्या ३०१८ या छोट्या मशीनवर चित्र थोडं वेगळं. तिथे ड्रायव्हर उडण्यापेक्षा कंट्रोलर मधेच बेशुद्ध पडणं जास्त. हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलची ब्रशवाली मोटर त्याच २४ व्होल्टवर, तिच्या ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट यूएसबीपर्यंत पोचतो आणि अर्ध्या जॉबवर जोडणी तुटते. लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

आता डिजिटल ड्रायव्हर आलेत, एन्कोडर लावलेल्या स्टेपरही परवडू लागल्यात. मात्र खालच्या टोकाला गोंधळ तसाच आहे. टीबी६६०० म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या काळ्या डब्या उघडल्या तर आत बरेचदा तोशिबाची दुसरीच, टीबी६७एस१०९ ही चिप निघते. ती वाईट नाही, पण तिचे आकडे वेगळे, आणि डबीवरचे जुनेच. पुण्यातल्या एका दुकानात काउंटरवरच मी एक डबी उघडायला मागितली. दुकानदार म्हणाला, “साहेब, उघडली की परत घेणार नाही.” मी विकत घेऊन तिथेच उघडली. आत ६७एस१०९.

तिला मी २४ व्होल्ट देतो, डबीवर ४२ लिहिलेले असले तरी. मोटरच्या वायरींना आता स्क्रूऐवजी लॉकवाले कनेक्टर आहेत.