तरंगणे आणि बुडणे

पाण्यात सोडलेली वस्तू वर राहणार की तळाशी जाणार, हे तिच्या नुसत्या वजनावर ठरत नाही. तिचे वजन आणि ती पूर्ण बुडाली असता तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन यांत जास्त कोणते, यावर ते ठरते. सारलेले पाणी जास्त भरले तर वस्तू वर येते, कमी भरले तर तळ गाठते. ‘जड ते बुडते, हलके ते तरंगते’ हे सर्रास ऐकू येणारे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. मूठभर खडा बुडतो आणि चार माणसांना न उचलणारा वाळका सागवानी ओंडका तरंगतो.

विहिरीचे पाणी शेंदणाऱ्याला यातले मर्म पुस्तकाआधी हाताला कळलेले असते. भरलेली घागर पाण्याखाली असेपर्यंत दोर सहज ओढला जातो. ती पाण्याबाहेर येऊ लागली की खांद्याला ताण बसतो. पितळेची घागर 3 किलोची असून तिच्यात 10 लिटर पाणी मावते असे धरू. पाण्याबाहेर दोरावर 13 किलोंचा भार येतो, पाण्याखाली मात्र सुमारे 2.65 किलोंचाच. आतले पाणी भोवतालच्या पाण्याने पुरते तोललेले असते. शिवाय पितळेने जेवढे पाणी सारले त्याचे 350 ग्रॅमही वजा होतात. घागरीचे वजन कुठे गेलेले नसते, तिला पाण्याचा आधार मिळत असतो. वर लोटणाऱ्या या बलाला प्लावक बल म्हणतात.

हा आधार पाण्याच्या दाबातून येतो. पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो. 10 सेंमी. बाजूचा ठोकळा पाण्यात धरला, तर त्याच्या वरच्या पृष्ठावर पाणी खाली दाबते आणि खालच्या पृष्ठावर वर दाबते. खालचे पृष्ठ 10 सेंमी. अधिक खोल असल्याने तिथला जोर जास्त असतो, आणि हा फरक नेमका 1 लिटर पाण्याच्या वजनाइतका, म्हणजे 1 किलो भरतो. ठोकळा लाकडाचा आहे की सोन्याचा, याच्याशी पाण्याला कर्तव्य नसते. लोखंडाचा ठोकळा सुमारे 7.87 किलोंचा, म्हणून तो बुडतो. वाळलेल्या सागाचा साधारण 650 ग्रॅमचा, म्हणून तो वर येतो आणि जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पाण्यात ठेवून स्थिरावतो. मात्र वस्तूच्या खाली पाणी असायला हवे. गाळात घट्ट रुतलेल्या होडीच्या बुडाखाली पाणी शिरत नाही तोवर हा आधार पुरता मिळत नाही.

हा नियम इ. स. पू. तिसऱ्या शतकात सिसिलीतील सिराक्यूजच्या आर्किमिडीजने मांडला. राजाच्या मुकुटाची आणि स्नानगृहातून धावत सुटण्याची कथा मात्र त्याच्या उपलब्ध लेखनात नाही. ती सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने सांगितली. मुकुटात चांदी मिसळली आहे का, हे त्याने सारलेल्या पाण्यावरून ओळखण्याची त्या कथेतील रीत तपासून पाहण्याजोगी आहे. 1 किलो शुद्ध सोने 52 मिलि. पाणी सारते, त्यात 30 टक्के चांदी मिसळली तर 65 मिलि. वीतभर रुंदीच्या भांड्यात या फरकाने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही चढत नाही. गॅलिलिओने 1586 मध्ये सुचवले, की आर्किमिडीजने मुकुट पाण्यात बुडवून तराजूने तोलला असावा. ते अधिक पटणारे आहे.

लोखंडी जहाज तरंगते ते आकारामुळे. पत्रा पोकळ बांधला की तो स्वतःच्या घनफळाच्या कितीतरी पट पाणी सारतो. माल वाढतो तसे जहाज खाली बसत जाते. अतिभाराने जहाजे बुडू लागल्यावर सॅम्युएल प्लिमसोल यांच्या आग्रहाने ब्रिटनमध्ये 1876 मध्ये जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगवण्याचा कायदा झाला. या खुणेत गोड्या पाण्याची रेषा वेगळी, आणि इतरांपेक्षा वर असते. समुद्राच्या 1 लिटर पाण्याचे वजन सुमारे 1,025 ग्रॅम भरते, त्यामुळे तेच जहाज समुद्रातून नदीत शिरले की आणखी थोडे खाली बसते. मृत समुद्राचे पाणी लिटरला 1,240 ग्रॅमच्या आसपास असते. तिथे माणसाला बुडी मारणेच अवघड जाते.

एरवी माणसाचे शरीर सीमेवरच असते. छातीत श्वास भरला की ते बहुधा तरंगते, सोडला की बुडू लागते. एवढीशी तूट भरून काढायला गावोगावच्या विहिरींत शिकाऊ पोरांच्या पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत. कोळ्यांच्या जाळ्याला वरून बोये आणि खालून वजने लावतात, ती याच हिशेबाने. पुष्कळ मासे पोटातील वायुपिशवीने आपली घनता पाण्याइतकी राखतात. शार्कला अशी पिशवी नसते, त्याच्या तेलकट यकृताची त्याला मदत होते.

बर्फाची गोष्ट निराळी. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी मात्र गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो, थंड प्रदेशातील तळी वरून गोठतात आणि खालच्या पाण्यात मासे हिवाळा काढतात.

पाण्यावर अलगद आडवी ठेवलेली शिवणाची सुई आणि पृष्ठभागावर चालणारी पाणनिवळी ही तरंगण्याची उदाहरणे म्हणून दिली जातात, पण ती या नियमात बसत नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो, त्या पृष्ठताणाने त्यांना तोललेले असते. सुईजवळ साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की ताण सैल होतो आणि सुई तळाशी जाते.